उसनी बॅट कुणाची? जुन्या बेसबॉल कार्डांवरच्या फोटोंचा माग (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी २०२५

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं आहे: टॉप्स या अमेरिकी कंपनीची १९५७ ते १९७५ मधली बेसबॉल कार्डं (खेळाडूंचे फोटो छापलेली, लोक जमवतात ती) घ्यायची आणि फोटोतल्या खेळाडूच्या हातातली बॅट, ग्लव्ह किंवा डोक्यावरचं हेल्मेट त्याचं स्वतःचं की दुसऱ्याकडून घेतलेलं, हे शोधायचं.

हीच वर्षं का? १९५७ पासून टॉप्सने रंगीत फोटो सरसकट वापरले आणि कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच ठरलं. त्याआधीच्या अनेक कार्डांवर काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग चढवलेले असायचे. बॅटच्या बुडावर मालकाने लिहिलेला आकडा रंगाखाली गेला की शोध तिथेच संपतो. पुढे १९७१ मध्ये चालू सामन्यातले फोटो कार्डांवर आले, आणि सामन्यात माणूस शक्यतो स्वतःच्याच बॅटने खेळतो. मधली सगळी वर्षं पोझच्या फोटोंची. फोटोग्राफर स्प्रिंग ट्रेनिंगच्या, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाच्या, मैदानावर किंवा सामन्याआधी एकेका खेळाडूला बाजूला घ्यायचा. एक फोटो बॅट उगारून, एक ग्लव्ह पुढे धरून, एक टोपीशिवाय, म्हणजे पुढे संघ बदलला तरी चालावा. झालं की पुढचा खेळाडू. अशा घाईत रॅकवरची पहिली हाताला लागेल ती बॅट उचलली जाते, आणि मला त्याच बॅटा हव्यात.

वहीत चार रकाने आखले: नक्की उसनं, बहुधा उसनं, फोटो उलटा, सांगता येत नाही. नियम एकच: ‘त्याचं नाही’ एवढ्यावर शेरा मारायचा नाही. कुणाचं आहे तेही कळलं पाहिजे, आणि त्यासाठी एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा लागतील.

कार्डं घेताना नामवंतांच्या मागे लागलो नाही. राखीव खेळाडूंची, कोपरे झिजलेली कार्डं एक-दोन डॉलरला मिळतात. संग्राहकांना घडी पडलेलं कार्ड नको असतं, आपल्याला चालतं. फक्त घडी मुठीवरून किंवा बॅटच्या बुडावरून गेलेली नको, हे घेतानाच बघावं.

१९ जानेवारी

स्कॅनिंगने आठवडा खाल्ला. ६०० डीपीआयवर नॉब, म्हणजे बॅटच्या बुडाचा गोल गड्डा, धूसर दिसत होता, म्हणून १२०० केलं, मग २४००. फाइली प्रचंड झाल्या, तपशील तेवढाच राहिला.

पुण्यातल्या मामांना फोन केला. त्यांची सगळी नोकरी ऑफसेट छापखान्यात गेली. स्क्रीनवरचं चित्र पाठवलं तर ते म्हणाले, “अरे, हा फोटो नाही, ही जाळी आहे. जाळीला कितीही जवळ घेतलंस तरी ठिपकेच दिसणार.”

“मग मामा, आकडा वाचायचा कसा?”

“ठिपके मोज आधी. आकड्याला पुरतील एवढे आहेत का बघ. नसतील तर पुढचं कार्ड घे.”

मोजले. छपाईची जाळी इंचाला १३३ ते १५० रेषांची धरली तर एका मिलिमीटरमध्ये पाच ते सहा ठिपके बसतात. पूर्ण उभ्या पोझमध्ये कार्डावरचा नॉब जेमतेम मिलिमीटरभर असतो. पाच ठिपक्यांत दोन आकडी नंबर कुणालाही वाचता येणार नाही. कमरेपासून वरच्या फोटोत, बॅट कॅमेऱ्याकडे झुकलेली असेल तर, नॉब दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जातो. तिथे आशा आहे. त्यामुळे कार्डं निवडायची रीतच बदलली: आधी पट्टी लावून नॉब मोजायचा, दोन मिलिमीटरच्या खाली असेल तर बॅटसाठी ते कार्ड बाद.

अजून एक: स्कॅनरमध्ये जाळी पुसून चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग असतं आणि ते बहुधा आपोआप चालू असतं. जाळीबरोबर नॉबवरचा बारीक आकडाही ते पुसून टाकतं. त्यापायी अख्खा गठ्ठा पुन्हा स्कॅन करावा लागला. सेटिंग बंद, १२०० डीपीआय, आणि स्क्रीनवर थोडं लांब बसून बघायचं. ठिपके एकमेकांत मिसळले की आकार उमटतो. शिवाय दहापटीचं भिंग आणि बाजूने पडणारा दिवा. भिंगाला पंधराएक डॉलर पडले, आणि आतापर्यंतच्या खर्चात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झालाय.

२ फेब्रुवारी

पहिली चाळणी: फोटो उलटा छापलाय का? हे आधी झालं नाही तर पुढचं सगळं मुसळ केरात.

सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे १९५७ चं, मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाच्या हँक आरनचं २० नंबरचं कार्ड. आरन उजव्या हाताने खेळायचा, कार्डावर डावखुरा दिसतो. निगेटिव्ह उलटी लागली होती. शर्टावरचा ४४ आकडाही आरशात दिसावा तसा उलटा आलाय. इथे उसनं काही नाही, बॅटही त्याची असेल. शेरा: फोटो उलटा.

अक्षर किंवा आकडा दिसत असेल तर प्रश्न मिनिटात सुटतो. अडचण अशी की काही अक्षरं दोन्हीकडून सारखीच दिसतात. मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या टोपीवर एम आहे, त्यावरून काहीच कळत नाही. मग गुंड्या बघायच्या. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. उजवी वर दिसली तर फोटो उलटा. ही खूण १९७० पर्यंतच भरवशाची. त्या वर्षी पिट्सबर्गने डोक्यातून घालायचे शर्ट आणले आणि मागोमाग इतर संघही तिकडे वळले.

आरनच्याच १९५६ च्या कार्डावर मागे होम प्लेटकडे घसरत येणाऱ्या खेळाडूचं छोटं चित्र आहे. चेहरा आरनचा, पण मूळ फोटो विली मेज या दुसऱ्याच खेळाडूचा. तिथे सामानच काय, सगळं शरीरच उसनं आहे. माझ्या वर्षांच्या बाहेरचं कार्ड असलं तरी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

९ फेब्रुवारी

आज फक्त एक कार्ड. १९५९, नंबर ४४०, लू बर्डेट, मिलवॉकी ब्रेव्ह्ज.

बर्डेट उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९५७ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये यांकीजविरुद्ध त्याने तीन सामने जिंकून दिले होते, त्यामुळे तो कुठल्या हाताने चेंडू टाकतो हे तेव्हाच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. कार्डावर मात्र ग्लव्ह उजव्या हातात आणि तो डावखुऱ्यासारखा उभा. पहिली चाळणी लावली तर फोटो सुलटाच निघतो. त्याने फोटोग्राफरची मुद्दाम फिरकी घेतली होती. टॉप्सच्या लक्षात आलं नाही आणि कार्ड तसंच छापलं गेलं. नावही चुकलंय: तो Lew असं लिहायचा, कार्डावर Lou आहे.

हे कार्ड माझ्या कामासाठी इतकं मोलाचं का, ते नीट लिहितो. बॅट कुणीही कुठल्याही बाजूने धरू शकतो. ग्लव्हचं तसं नाही. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याचा ग्लव्ह डाव्या पंजासाठी शिवलेला असतो. तोच उजव्या पंजात घातला तर दोनच गोष्टी होऊ शकतात: अंगठा करंगळीच्या खोबणीत जातो, किंवा अंगठा जागेवर बसतो आणि चेंडू झेलायचा खळगा हाताच्या पाठीकडे जातो. दोन्ही प्रकार भिंगाखाली लगेच दिसतात, कारण अंगठा आणि पहिलं बोट यांमधलं जाळं भलत्या बाजूला येतं. म्हणजे सुलट्या फोटोत उजवा पिचर उजव्या हातात व्यवस्थित बसलेला ग्लव्ह घालून उभा असेल, तर तो ग्लव्ह त्याचा असूच शकत नाही. आकडा नको, नाव नको, पट्टा वाचायला नको.

राहिला मालक. ब्रेव्ह्जकडे तेव्हा वॉरन स्पॉन होता, डावखुऱ्या पिचरांमध्ये सर्वाधिक ३६३ विजय मिळवणारा, आणि बर्डेटचा जिवाभावाचा दोस्त. तो ग्लव्ह स्पॉनचाच, असं संग्राहक वर्षानुवर्षं सांगत आलेत. हात आणि दोस्ती दोन्ही त्याच दिशेला बोट दाखवतात. शेरा: नक्की उसनं. माझ्या वहीतला हा पहिला पक्का शेरा, आणि तो बघून काम योग्य वाटेला लागल्यासारखं वाटलं.

१६ फेब्रुवारी

१९६५, नंबर ५१९, बॉब युकर, सेंट लुईस कार्डिनल्स. तोही उजवा, आणि फोटोसाठी मुद्दाम डावखुरा बनून बॅट धरलीय. खोडी बर्डेटसारखीच, पण इथून सामानाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बॅटला डावं-उजवं नसतं. शेरा: सांगता येत नाही.

२ मार्च

नॉब. या नोंदीत सर्वांत जास्त वेळ गेला.

खेळाडू आपली बॅट रॅकमधून चटकन ओळखू यावी म्हणून नॉबवर मार्करने स्वतःचा शर्टाचा नंबर लिहितात. रॅकमध्ये तेवढाच भाग पटकन नजरेला पडतो. ही सवय किती पक्की आहे हे १९८९ च्या फ्लिअर कंपनीच्या ६१६ नंबरच्या कार्डाने जगाला दाखवलं. बॉल्टिमोरच्या बिली रिपकेनच्या बॅटच्या नॉबवर चक्क एक शिवी लिहिलेली, आणि ती छापली गेली. मग फ्लिअरने कुठे पांढरा रंग, कुठे गिचमीड, कुठे काळा चौकोन असे निरनिराळे उपाय करून ती झाकली. अनेक वर्षांनी रिपकेनने स्वतः सांगितलं की सरावाची बॅट वेगळी ओळखता यावी म्हणून त्यानेच ते लिहिलं होतं. सगळे त्या शब्दाबद्दल बोलतात. मला महत्त्वाचं हे वाटतं की नॉबवरचं लिखाण मालक स्वतःसाठी करतो. त्यामुळेच ते पुरावा म्हणून चालतं.

पण नंबर जुळला नाही म्हणजे बॅट दुसऱ्याची, असंही नाही. तीन सापळे लागले.

एक, स्प्रिंग ट्रेनिंगमधले नंबर. नवख्या पोराला तिथे मोठा नंबर मिळतो, मोसम सुरू झाल्यावर दुसरा. दोन, जुना फोटो. विशेषतः १९६९ चा संच. त्याआधीच्या मोसमात मार्व्हिन मिलरच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने मानधनावरून टॉप्ससाठी फोटो काढून द्यायला नकार दिला होता, त्यामुळे १९६९ मध्ये कितीतरी जुनेच फोटो पुन्हा वापरले गेले. त्या कार्डांना छापल्या वर्षाचा नंबर लावून बघणं व्यर्थ आहे. तीन, लुइव्हिल स्लगर बॅटच्या नॉबवर कारखान्यात ठोकलेला मॉडेल क्रमांक. आर ४३ म्हणजे बेब रूथ या जुन्या नामवंत खेळाडूसाठी बनलेलं मॉडेल; ते पुढे कुणीही मागवू शकत होतं. हा शिक्का कार्डावर वाचता येत नाही, पण मूळ फोटोच्या मोठ्या प्रतीत दिसतो आणि नंबर समजून फसायला होतं.

म्हणून प्रत्येक नॉबसाठी खेळाडूने कुठल्या वर्षी कुठला नंबर घातला त्याची यादी समोर हवी. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर वर्षवार नंबर मिळतात. मागची-पुढची दोन-दोन वर्षं धरून बघायची.

८ मार्च

पहिला खरा माग लागला. एका राखीव इन्फिल्डरचं (मैदानाच्या आतल्या भागात क्षेत्ररक्षण करणाऱ्याचं) साठच्या दशकातलं कार्ड. कुणाचं ते पुरावा पुरा होईपर्यंत लिहीत नाही.

नॉब अडीच मिलिमीटर. पहिला अंक १ स्वच्छ. दुसरा ६ की ८, ठिपके त्या जागी एकमेकांत मिसळलेत. इन्फिल्डरने कधीच दहाच्या पुढचा नंबर घातलेला नाही, म्हणजे बॅट त्याची नसावी. इथवर एकच खूण.

मग त्याच्याच संघातल्या एका आउटफिल्डरचं (बाहेरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाचं) त्याच वर्षाचं कार्ड शेजारी ठेवलं. दोघांच्या मागे तेच कुंपण, कुंपणाची तीच मोडकी फळी, सावल्या एकाच बाजूला पडलेल्या. फोटो एकाच जागी, एकाच बैठकीत काढलेले. आणि बॅटही तीच. हँडलला पांढरी चिकटपट्टी तिरकी गुंडाळलीय, वेढ्यांमध्ये बोटभर फट सोडलेली, वरून तिसऱ्या वेढ्याचं टोक सुटून वर आलंय, आणि त्याच्या खाली पाइन टारचा (पकड घट्ट राहावी म्हणून लावायच्या चिकट पदार्थाचा) डाग, एका बाजूने ओघळलेला. दोन्ही कार्डांवर टोक तेवढंच सुटलेलं. चिकटपट्टी सगळेच गुंडाळतात, पण सुटलेलं टोक आणि ओघळ एकत्र जुळणं योगायोग नव्हे.

आउटफिल्डरचा नंबरही १६ नाही, १८ नाही. म्हणजे दोघांनीही तिसऱ्याचीच बॅट उचलली. त्या वर्षी १६ आणि १८ हे दोन्ही नंबर संघात वेगवेगळ्या खेळाडूंकडे होते. एक पिचर, एक मुरलेला बॅटर. मन बॅटरकडे झुकतं, पण मनाचा झुकाव म्हणजे खूण नाही. शेरा: बहुधा उसनं, दोन्ही कार्डांना. त्या बॅटरचं त्याच बैठकीतलं कार्ड मागवलंय.

ही एकाच बैठकीतली कार्डं शेजारी लावायची युक्ती मला नॉबच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची वाटते. टॉप्स एकाच बैठकीतले फोटो पुढे दोन-तीन वर्षंही वापरत असे, त्यामुळे शोध एकाच वर्षापुरता ठेवू नये.

१६ मार्च

ग्लव्ह. इथे अनेकजण चुकीच्या वाटेला लागतात. ग्लव्हच्या खळग्यात दुसऱ्याच खेळाडूची सही दिसते आणि लगेच ‘उसना’ म्हणून मोकळे होतात. ती सही म्हणजे कंपनीने जाहिरातीसाठी छापलेलं नाव असतं. खुद्द मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवरचे, खेळाडूही दुसऱ्याच्या नावाचे ग्लव्ह वापरत. सही बाद. मनगटाच्या पट्ट्यावर किंवा अंगठ्यावर मार्करने लिहिलेला नंबर तेवढा बघायचा, आणि डावं-उजवं.

बॅटवरचं नाव याच्या उलट वागतं. लुइव्हिल स्लगरच्या जाड भागावर डाग देऊन उमटवलेलं नाव बहुतेक वेळा ज्याने मागवली त्याचंच असतं. कंपनीशी करार असेल तर सही, नसेल तर साधी छापील अक्षरं. पण कार्डावर ते वाचायला नॉबपेक्षाही कठीण. नाव वाचता आलं नाही तरी सही आहे की छापील अक्षरं, एवढं कधीकधी कळतं. करार असलेल्याच्या हातात छापील अक्षरांची बॅट दिसली तर रकाना दोनमध्ये टाकायला हरकत नाही.

ग्लव्हच्या देवघेवीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: १९५३ च्या मोसमापर्यंत आपली बॅटिंग आली की खेळाडू ग्लव्ह मैदानावरच गवतात टाकून जात. १९५४ पासून नियमाने बंद झालं. ग्लव्ह जवळ जपून ठेवायची वस्तू आहे, ही भावना तेव्हाच्या खेळाडूंत आजच्याइतकी नसणार.

३० मार्च

मागवलेलं कार्ड आलं. टोपीशिवायचा चेहऱ्याचा फोटो, हातात बॅटच नाही. शेरा ‘बहुधा’ तसाच.

उरलेला वेळ हेल्मेटांना दिला. मेजर लीगमध्ये १९७१ पासून नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं. कानाजवळचा पाखा १९८३ पासून नव्यांना सक्तीचा, पण सत्तरच्या दशकात तो बरेचजण आपणहून वापरत होते. एकाच बाजूला पाखा असलेलं हेल्मेट ग्लव्हसारखंच बोलतं. उजव्या बॅटरचा डावा कान पिचरकडे असतो, म्हणून पाखा डाव्या कानावर. उजव्या बॅटरच्या उजव्या कानावर पाखा दिसला, आणि अक्षरांवरून फोटो सुलटा ठरला, तर हेल्मेट दुसऱ्याचं. फक्त तो दोन्ही हातांनी खेळणारा नाही ना, हे आधी बघावं. अशा खेळाडूंकडे दोन हेल्मेटं असतात.

नंबरवरून मात्र हेल्मेट धरू नये. संघ बदललेल्या खेळाडूंच्या टोप्या-हेल्मेटांवर टॉप्सचे कलाकार ब्रशने नवा रंग आणि नवं चिन्ह चढवत. भिंगाखाली रंगवलेल्या जागेत कापडाची वीण किंवा प्लॅस्टिकची चमक तुटते, कडा मऊ होते. तिथला आकडा खेळाडूचा नसून कलाकाराचा असू शकतो.

६ एप्रिल

सुट्टीचा दिवस म्हणून ओल्ड जज सिगारेटच्या कार्डांच्या प्रती पाहिल्या. १८८७ ते १८९० ची, न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची. सगळे फोटो स्टुडिओतले: मागे रंगवलेला पडदा आणि काही फोटोंत चेंडू दोरीला टांगलेला, दोरी स्पष्ट दिसते. तेव्हाच्या कॅमेऱ्याला उडता चेंडू पकडणं जमत नव्हतं. इथे एकाच स्टुडिओत उभ्या राहिलेल्या वेगवेगळ्या संघांच्या माणसांच्या हातात तीच बॅट सापडू शकेल. हा स्वतंत्र प्रकल्प आहे, आणि कोणी हाती घेतला तर मला फार आनंद होईल.

आपल्याकडच्या वाचकाला उसन्या बॅटचं नवल वाटू नये. ४ ऑक्टोबर १९९६ ला नैरोबीत शाहिद आफ्रिदीने श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक ठोकलं ते सचिनच्या बॅटने. वकार युनूसकडे आलेली ती बॅट त्याने आफ्रिदीला दिली होती. तिथे बॅटचा मालक कोण हे सर्वांनी सांगून ठेवलंय. कार्डांवरच्या बॅटांबद्दल कोणी सांगून ठेवलं नाही, म्हणून हा खटाटोप.

१३ एप्रिल

१९६९, नंबर ६५३, ऑरेलियो रॉड्रिग्ज, एंजल्स. इतके दिवस मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, कारण या कार्डावर तो नाहीच. फोटोत संघाचा बॅटबॉय, म्हणजे खेळाडूंच्या बॅटा सांभाळणारा पोरगा, आहे. माझ्या चारही रकान्यांत हे बसत नाही. बॅटबॉयच्या हातातली बॅट जवळजवळ नक्कीच कुणा खेळाडूची असणार, पण माझ्या प्रतीवर नॉब वाचता येत नाही. पाचवा रकाना आखला: माणूसच दुसरा. एकमेकांच्या नावाने फोटो छापलेली अशी आणखी कार्डं आहेत, त्यांनाही आता जागा झाली.

आतापर्यंतचा हिशेब: कार्डं आणि टपाल मिळून शंभर डॉलरच्या आसपास, जुना फ्लॅटबेड स्कॅनर साठला, भिंगाचं वर लिहिलंय. ‘नक्की उसनं’ या रकान्यात अजूनही बर्डेट एकटाच आहे. ‘सांगता येत नाही’ सर्वांत लांब, आणि तसंच असायला हवं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बॅटच्या मागे आधी लागू नये. ग्लव्ह आणि एका पाख्याची हेल्मेटं आधी घ्यावीत. तिथे आकडा वाचावा लागत नाही, ठिपक्यांशी झगडा नाही, आणि हात कुठला एवढ्यावर निकाल लागतो. मी पुढच्या आठवड्यात १९७३ ते १९७५ चा गठ्ठा हेल्मेटांसाठी काढतोय. इन्फिल्डरच्या त्या बॅटसाठी त्याच संघाची, तेच कुंपण मागे असलेली, पुढच्या दोन वर्षांची कार्डं मागवली आहेत.